जुळी एनआयसीयूत असताना घराने काय करायचं, कसं करायचं

जुळ्यांमधली निम्म्याहून जास्त बाळं 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आतच जन्माला येतात. त्यामुळे जुळी आहेत असं कळलं की एनआयसीयूचीही (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचीही) थोडी माहिती करून ठेवावी. त्यात अशुभ काही नाही. तरी वेळ येते तेव्हा तारांबळ उडतेच. दोन पेट्या (इन्क्युबेटर), दोन मॉनिटर, आई सिझरचे टाके घेऊन तिसऱ्याच मजल्यावर आणि बाप जिन्यावर. उपचार डॉक्टर आणि सिस्टर करतील. दूध, स्पर्श, नोंदी आणि पाळ्या ही चार कामं मात्र घराची आहेत, आणि त्यांचा बाळांच्या तब्येतीवर औषधाइतकाच परिणाम होतो. ती कशी करायची आणि कुठे घोळ होतो, ते इथे सांगतो.

पुढच्या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे: जुळी एका दिवशी जन्मली तरी ते दोन वेगळे पेशंट आहेत. वही वेगळी, प्रश्न वेगळे, अपेक्षाही वेगळ्या. "बाळं कशी आहेत?" असं विचारलंत तर "ठीक आहेत" एवढंच उत्तर मिळेल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

पहिल्या दोन दिवसांत

आई उठू शकत नसेल तर बापाने किंवा जवळच्या कुणी एकाने बाळांमागे जावं आणि प्रत्येक बाळाबद्दल एवढं विचारून लिहून घ्यावं: पोटात किती आठवडे आणि किती दिवस होतं (28 आठवडे 1 दिवस आणि 28 आठवडे 6 दिवस यांतही फरक पडतो), वजन किती ग्रॅम, श्वास स्वतः घेतंय की सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) किंवा व्हेंटिलेटरवर आहे, सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) दिलं का, कोणती नळी कुठून घातली आहे, आणि पुढच्या 24 तासांत डॉक्टरांना कशाची काळजी वाटते. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. खरं तर तोच सगळ्यात उपयोगी, कारण उद्या काय विचारायचं ते त्यातून ठरतं.

दोन रंगांच्या दोन वह्या घ्या. रोज एका बाळाचं एक पान: वजन, श्वासाचा आधार आणि ऑक्सिजनचा टक्का, दुधाचं प्रमाण (किती मि.ली., किती तासांनी), श्वास थांबल्याचे प्रसंग, झालेल्या तपासण्या, डॉक्टरांचं म्हणणं. एकाच वहीत दोघं लिहिली की चौथ्या दिवशी रक्त कुणाला चढवलं यावरून घरात वाद होतो.

नावांचा घोळ गंभीर असतो. दोघांचं आडनाव एक, जन्मतारीख एक, हॉस्पिटलचे नंबर लागोपाठचे, आणि फाइलवर आईच्या नावापुढे फक्त एक किंवा दोन. चूक व्हायला एवढं पुरतं. म्हणून हाक मारायचं नाव लवकर ठरवा आणि पेटीवर लावायला सांगा. दूध, औषध किंवा तपासणीच्या वेळी हजर असाल तर पायातला पट्टा वाचून नंबर जुळवला जातोय ना, ते बघा. सिस्टरला यात अपमान वाटत नाही; वाटलाच तरी वाटू द्या. पट्टा गळून पडलेला दिसला तर लगेच सांगा आणि नवा बांधेपर्यंत तिथून हलू नका.

आत जाताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, साबणाने 40 ते 60 सेकंद. एका बाळाला हात लावून दुसऱ्याकडे वळताना पुन्हा सॅनिटायझर लावायचा आणि हात कोरडे होईपर्यंत थांबायचं. "भावंडंच तर आहेत" म्हणून नेमका इथे कंटाळा केला जातो, आणि एकाचा जंतू दुसऱ्याकडे त्याच वाटेने जातो. मोबाइल खिशातच राहू द्या. बाहेर काढलात तर हात पुन्हा स्वच्छ करा.

मॉनिटर वाचायचा किती

पडद्यावर मुख्य आकडे तीन. हृदयाचे ठोके साधारण 120 ते 160, श्वास मिनिटाला 40 ते 60, आणि रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण. बाळाला ऑक्सिजन चालू असेल तर हा तिसरा आकडा सहसा 90 ते 95 मध्ये ठेवतात. तो 88 ला आला की नातेवाईक ओरडतात, पण सिस्टर लगेच ऑक्सिजन वाढवत नाहीत. याला कारण आहे: जादा ऑक्सिजनने अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याला इजा होते. बाळाला ऑक्सिजन चालू असताना आकडा सारखा 99-100 दिसत असेल तर खुश होण्याऐवजी एकदा विचारावं.

या बाळांचा श्वास एका लयीत नसतो. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर सुरू होणं नेहमीचं आहे. 20 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा थांबताना ठोके पडले, रंग निळसर झाला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसल्यामुळे हे होतं. त्यासाठी कॅफीन देतात, आणि बहुतेकांचं हे (पोटातले दिवस धरून) 36-37 आठवड्यांच्या सुमारास आपोआप थांबतं.

अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघा. रंग गुलाबी आहे, छाती हलतेय, तर बहुतेक वेळा पायाचा सेन्सर सैल झालेला असतो. रंग बदललाय तर सिस्टरला हाक मारा. स्वतः पेटी उघडून बाळाला हलवू नका. शेजारच्या पेटीचे आकडे वाचणं बंद करा. ते बाळ वेगळ्या दिवसांचं, वेगळ्या आजाराचं असतं. दोन मॉनिटर बघून मान आधीच दुखतेय, तिसरा कशाला!

दूध: घराचं सगळ्यात मोठं काम

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एक आजार असतो, त्याला नेक म्हणतात. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. म्हणून सुरुवातीला बाळ 1-2 मि.ली. घेत असलं तरी दूध काढायची घाई करायची.

डिलिव्हरीनंतर शक्यतो पहिल्या तासात, निदान 6 तासांच्या आत हाताने काढायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक: घट्ट, पिवळसर आणि थेंबांत. तो पंपाच्या बाटलीत काढला तर निम्मा भिंतींना चिकटून वाया जातो. 1 मि.ली.च्या सिरिंजमध्ये थेंब थेंब उचला. बाळ अजून पीत नसेल तरी सिस्टर 0.1 मि.ली.च्या आसपास चीक प्रत्येक गालाच्या आत लावू शकतात. तसं करता का, हे विचारा. जुळ्यांसाठी पहिल्यापासून दोन सिरिंज वेगळ्या भरा.

त्यानंतर 24 तासांत 8 ते 10 वेळा, दर वेळी 15 ते 20 मिनिटं, दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा विजेचा पंप मिळाला तर उत्तम. रात्री एकदा तरी उठायलाच हवं, आणि दोन वेळांमधलं अंतर 5 तासांपेक्षा जास्त नको. पंप लावायच्या आधी छातीला हलका मसाज करा. शेवटचा थेंब आल्यावर आणखी दोन मिनिटं चालू ठेवा. पंपाचं नरसाळं लहान पडलं तर बोंडाला चिरा जातात, मोठं पडलं तर भोवतीची काळी त्वचा आत ओढली जाते आणि दूध कमी येतं. दुखतंय म्हणजे मापात गडबड आहे, सहन करत बसू नका.

आता हिशेब बघा. दोन आठवड्यांनी एक बाळ 1200 ग्रॅमचं आणि दुसरं 1500 ग्रॅमचं आहे, आणि दोघं किलोमागे दिवसाला 150 मि.ली. घेतात असं धरू. पहिल्याला 180, दुसऱ्याला 225, म्हणजे दोघांना मिळून रोज 405 मि.ली. घरी जाताना दोघं 2200 ग्रॅमची असतील आणि किलोमागे 160 मि.ली. घेत असतील, तर रोजची गरज 700 च्या वर जाते. आता छाती किती बनवायला शिकते ते मोठ्या प्रमाणात पहिल्या दोन आठवड्यांत किती वेळा रिकामी होते यावर ठरतं. बाळं 5 मि.ली. पीत असताना "एवढं पुरे" म्हणून पंप कमी केला की महिन्याने दूध कमी पडतं, आणि तेव्हा वाढवणं फार कठीण जातं. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत दिवसाला 700 ते 1000 मि.ली. हे जुळ्यांच्या आईचं लक्ष्य धरा. तिथे पोचला नाहीत तरी जे आहे ते औषधच आहे. उरलेलं भागवायला मिल्क बँकेतलं दूध मिळेल का ते विचारा. ते 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून जंतुरहित केलेलं असतं.

पान्हा फुटायला बाळाचा वास आणि स्पर्श लागतो. म्हणून पेटीशेजारी बसून, किंवा बाळाला छातीवर घेऊन झाल्यावर लगेच पंप लावला की जास्त दूध येतं. घरून काढताना बाळांची दुपटी जवळ ठेवा.

बाटलीवर लेबल: बाळाचं नाव व नंबर, तारीख, वेळ. दोघांना एकाच आईचं दूध असलं तरी लेबल वेगळं लागतं, कारण वजन कमी असलेल्या बाळाच्या दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम वाढवणारी फोर्टिफायरची पावडर घालतात आणि दोघांची मात्रा वेगळी असू शकते. साठवणीचे ढोबळ नियम असे: खोलीच्या तापमानाला 4 तास, फ्रीजमध्ये 4 अंशांवर 2 ते 4 दिवस, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये 3 ते 6 महिने. तुमच्या एनआयसीयूचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. आत्ता काढलेलं कोमट दूध थंड दुधात ओतू नका. गोठलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळवा आणि 24 तासांत संपवा. मायक्रोवेव्ह वापरू नका, कारण मध्येच एखादा भाग उकळता होतो. पंपाचे भाग आधी गार पाण्याने खळबळून घ्या, मग स्वतंत्र टबात साबणाच्या गरम पाण्यात धुवा, हवेत वाळवा आणि दिवसातून एकदा निर्जंतुक करा. गरम पाणी आधी घातलं तर दुधातली प्रथिनं आतल्या बाजूला चिकटून बसतात.

कधी कधी अचानक दूध बंद करतात: पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं तर. काही दिवस सलाइनमधूनच पोषण चालतं. या काळात पंप थांबवू नका. दूध फ्रीझरमध्ये साठवा, ते पुढे लागेलच.

तोंडाने पिणं हा वेगळा टप्पा. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ (पोटातले दिवस धरून) 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेली नळीच खरी. सुरुवातीला दिवसातून एखादी फीड तोंडाने, बाकीच्या नळीने, आणि एक फीड 30 मिनिटांपेक्षा लांबवू नये. त्यानंतर बाळ जेवढं पितं त्यापेक्षा जास्त ताकद पिण्यातच खर्च करतं. बोटं पंजासारखी फाकली, भुवया चढल्या, ओठांच्या कडेने दूध गळू लागलं, रंग उतरला, तर थांबा. जुळ्यांना एकाच वेळी दोन्हीकडे पाजणं नंतर शिकता येतं. आधी एकेकाला नीट जमू द्या.

छातीवर घेणं

कांगारू पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली; तिथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते. आज ती इन्क्युबेटरची कसर भरून काढणारी सोय राहिलेली नाही. पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीवर ठेवायला सुरुवात केली तेव्हा स्थिर होण्याची वाट बघण्याच्या तुलनेत मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 8 ते 24 तास, जितकं जमेल तितकं, अशी शिफारस केली. "अजून नळ्या आहेत" हे दर वेळी कारण ठरत नाही. सीपॅपवरच्या बाळालाही घेता येतं, फक्त डॉक्टरांनी हो म्हणायला हवं.

बसण्याआधी लघवीला जाऊन या, पाणी पिऊन घ्या, आईने दूध काढून घ्यावं. पुढून उघडणारा शर्ट, अंगाला अत्तर-पावडर नको. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट किंवा डायपर, टोपडं आणि मोजे. बाळ उभं, छाती छातीला लावून, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर घेतलेले, तोंड एका बाजूला. मान किंचित वर असावी. हनुवटी छातीला टेकली की मऊ श्वासनलिका मुडपते आणि मॉनिटर वाजायला लागतो. बसल्यावर अर्ध्या तासाने बाळ खाली घसरल्याने नेमकं हेच होतं. पट्टा किंवा बाइंडर वरची कड कानाच्या खालच्या भागापर्यंत येईल असा बांधा. तुम्हाला बाळाचा चेहरा दिसत नाही, म्हणून हातात छोटा आरसा ठेवा.

पहिली 10-15 मिनिटं आकडे वरखाली होतात, मग बसतात. एकदा घेतलं की निदान एक तास बसा. पेटीतून छातीवर आणि परत, हे हलवणंच त्यांना सगळ्यात थकवतं. जुळ्यांसाठी दोन वाटा आहेत. आई एकाला, बाप एकाला, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. किंवा दोघं स्थिर असतील तर एकाच छातीवर दोन्ही, त्यासाठी मात्र बाळ उचलायला एक आणि नळ्या-वायर सांभाळायला दुसरी अशा दोन सिस्टर लागतात, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या. कोणी कोणाला किती तास घेतलं ते वहीत लिहा. आजारी बाळ नळ्यांमुळे मागे पडतं आणि हिशेब लिहिला नाही तर ते लक्षातही येत नाही.

छातीवर घेता येत नसेल तेव्हा पेटीच्या खिडकीतून एक हात डोक्यावर आणि एक पायांवर, स्थिर ठेवा. कुरवाळू नका, थोपटू नका. पातळ त्वचेला ते टोचतं. उचक्या, वारंवार जांभया, बोटं फाकणं, अंग ताणणं म्हणजे बाळ "पुरे" म्हणतंय. पेटीच्या काचेवर टकटक करू नका, वर फाइल किंवा बाटली ठेवू नका. आत त्याचा दणका बसतो.

तपासण्या आणि तारखा

पहिल्या आठवड्यात टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी होते. मेंदूतला रक्तस्राव झालाच तर बहुतेक पहिल्या 72 तासांत होतो, म्हणून हे वेळापत्रक. रक्त वारंवार काढलं जातं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80 ते 100 मि.ली. रक्त असतं, त्यामुळे ते चढवायला लागणं नवल नाही. "आजच्या तपासण्या एकाच वेळी, एकाच सॅम्पलमध्ये होतील का?" हे विचारायला हरकत नाही.

वजन पहिल्या आठवड्यात 10 ते 15 टक्के उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत येतं, मग किलोमागे दिवसाला सुमारे 15 ग्रॅम वाढावं. म्हणजे 1200 ग्रॅमच्या बाळाला 18 ग्रॅम. एका दिवसात 40 ग्रॅम वाढलं तर पेढे वाटू नका, हाताला बांधलेली सलाइनची पट्टी आधी तपासा. आठवड्याचा कल बघायचा.

डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही. ती सहसा जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, खूपच लहान बाळांची त्याहीआधी, आणि पडदा पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. उपचार लागले तर दोन-तीन दिवसांत करावे लागतात, उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. बाळ मध्येच घरी गेलं तरी तारीख कायम असते, आणि दोघांच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. एनआयसीयूत 5 दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची श्रवणतपासणी मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणाऱ्या पद्धतीने, म्हणजे एबीआरने, झाली का हेही विचारून घ्या.

एक बरं, एक आजारी

जुळ्यांच्या घरात सगळ्यात जड जातं ते हे. एकाचं सीपॅप निघतं त्याच दिवशी दुसऱ्याला पुन्हा व्हेंटिलेटरवर घेतात. आनंद मानावा की रडावं कळत नाही, आणि आनंद मानला तर अपराधी वाटतं. दोन्ही एकाच दिवशी चालू शकतं. डॉक्टरांशी बोलताना आजारी बाळाबद्दल आधी विचारा, मग बऱ्या बाळाबद्दल तेवढ्याच बारकाईने. बऱ्याकडे "त्याचं काय, ते छान आहे" म्हणून दुर्लक्ष झालं की त्याचं पोट फुगल्याचं उशिरा कळतं.

नातेवाइकांना "मोठा" आणि "अशक्त" अशी विशेषणं लावू देऊ नका. ती पुढे वर्षानुवर्षं चिकटतात.

एक बाळ गेलं तर दुसऱ्याला बघायला पुन्हा त्याच खोलीत जावं लागतं. पट्टा, टोपडं, पावलांचे ठसे, फोटो मागून ठेवा. आज बघवणार नसतील तर कुणाकडे तरी ठेवायला द्या. दुसऱ्या बाळाच्या पेटीवर ते जुळं असल्याची खूण ठेवायला सांगा, म्हणजे नव्या पाळीची सिस्टर "एकच आहे का?" असं विचारत नाही. "एक तरी आहे ना" म्हणणारे भेटतील. त्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

घर कसं चालवायचं

मुक्काम सहसा डिलिव्हरीच्या मूळ तारखेच्या आसपासपर्यंत चालतो. 29 व्या आठवड्यात जन्मलेल्यांसाठी हे दोन-अडीच महिने होतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळी रजा आणि सगळी ताकद संपवू नका. कामावरची रजा शक्य असेल तर निम्मी बाळं घरी आल्यावरसाठी राखून ठेवा. आईने रोज सलग 5 तास झोपायचं, त्या वेळचा फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा.

बातमी देणारा एकच माणूस नेमा. तो रोज संध्याकाळी एक मेसेज टाकेल, बाकी कुणी आईला फोन करणार नाही. मदत विचारणाऱ्याला नेमकं काम द्या: पंपाचे भाग धुणं, डबा, मोठ्या भावंडाला शाळेतून आणणं. सर्दी-खोकला असलेल्याने एनआयसीयूत पाऊल टाकायचं नाही. ओठावर तापाचे फोड असतील तर मुळीच नाही. विमा असेल तर दोन्ही बाळांची नोंद वेगवेगळी करून घ्या आणि बिलाचा अंदाज दर आठवड्याला मागा.

रडू येणं पहिल्या दोन आठवड्यांत साहजिक आहे. त्यानंतरही झोप मिळत असताना झोप लागत नाही, बाळांकडे जावंसंच वाटत नाही, सतत अलार्म ऐकू येतो, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. बापालाही हे होतं आणि तो सांगत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी.

घरी जाताना

सोडायचे निकष असे: पेटीबाहेर तापमान टिकणं, सगळं दूध तोंडाने पिणं, वजन सलग वाढणं आणि बहुतेक ठिकाणी 5 ते 7 दिवस ॲप्निया न होणं. सहाव्या दिवशी श्वास थांबला तर मोजणी पुन्हा एकपासून. जुळ्यांमध्ये एकाची मोजणी आधी संपते, म्हणून एक बाळ घरी आणि एक आत हे जवळपास ठरलेलंच समजा. बाहेर गेलेल्या बाळाला सहसा परत आत नेता येत नाही. घरी त्याच्यापाशी कोण, हॉस्पिटलमध्ये कोण, दूध कोण नेणार, हे आठवडाभर आधी कागदावर मांडा. पहिल्याला एक-दोन दिवस आईसोबत हॉस्पिटलच्याच खोलीत ठेवता येईल का, हेही विचारा.

निघण्याआधी स्वतःच्या हाताने आंघोळ, औषध आणि सगळ्या फीड 24 तास करून बघा. श्वास थांबला तर काय करायचं ते बाहुलीवर शिकून घ्या, घरातल्या दोन माणसांनी. औषधांच्या ड्रॉपरला वहीच्याच रंगांच्या चिकटपट्ट्या लावा. व्हिटॅमिन डी, लोह यांचे डोस वजनाप्रमाणे वेगळे असू शकतात, आणि पहाटे तीनला एकालाच दोनदा दिलं जाणं ही जुळ्यांच्या घरातली ठरलेली चूक आहे. भिंतीवर तक्ता लावा, देणाऱ्याने तिथल्या तिथे खूण करायची.

झोपवताना दोघांना वेगवेगळ्या जागी, सपाट कडक गादीवर, पाठीवर. उशी, लोड, खेळणी नकोत. एनआयसीयूत पोटावर झोपवलेलं पाहिलं असेल, पण तिथे मॉनिटर होता.

लगेच हॉस्पिटल गाठायची लक्षणं: श्वास मिनिटाला 60 च्या वर राहणं, फासळ्या आत ओढल्या जाणं, कण्हणं, ओठ-जीभ निळी, तापमान 36.5 च्या खाली जाऊन छातीवर घेऊनही न वाढणं किंवा 37.5 च्या वर जाणं, लागोपाठ दोन फीड न घेणं, हिरवी उलटी, लघवी खूप कमी होणं, उठवूनही न उठणं, झटके. एकाला झालं तर दुसऱ्यालाही तपासून घ्या.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या, अपुऱ्या दिवसांसाठी सरसकट पुढे ढकलायच्या नाहीत. अगदी कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टर एखादी मागेपुढे करतील. वाढ मात्र दुरुस्त वयाने मोजायची, दोन वर्षांपर्यंत. 29 आठवड्यांचं बाळ 11 आठवडे आधी आलं. जन्मून 12 आठवडे झाले तेव्हा त्याचं दुरुस्त वय 1 आठवडा, त्यामुळे ते अजून हसत नाही म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक तपासणीला जाताना दोन्ही वह्यांच्या पानावर ही दोन्ही वयं वर लिहून न्या, म्हणजे नवा डॉक्टर चुकीच्या तक्त्यावर वजन मांडणार नाही.